तीन शिक्के आणि एक उंबरा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

तिसरा शिक्का आला! आता टेबलावर तीन – ‘प्रकल्प व्यवस्थापक’, ‘जनसंपर्क अधिकारी’, ‘सुगम्यता समन्वयक’. तिन्हींखाली नाव एकच, माझं. खुर्चीही एकच, आणि तिचा एक पाय डुगडुगतो. चंद्रशेखर सर म्हणाले, "राखीताई, संस्था छोटी असली तरी पदं छोटी नकोत." सर निवृत्त हेडमास्तर. संस्था त्यांनीच काढली, दिव्यांगांना सगळीकडे जाता यावं म्हणून. नियमही हेडमास्तरी – प्रत्येक पदाचा पत्रव्यवहार वेगळा! म्हणजे व्यवस्थापक राखीनं जनसंपर्क राखीला लिहायचं, की अमुक कामाची बातमी करावी. जनसंपर्क राखीनं कळवायचं, की माहिती अपुरी आहे. आज असं एक पत्र लिहिलं, आवकला नोंदवलं, आणि उत्तर वाचून स्वतःवरच चिडले.

हिवरा आश्रमहून आईचा फोन. "पाहुणे इचारून राह्यले, पोरगी काय करते? सरकारी नाई म्हनतं, कंपनी नाई म्हनतं. म्या सांगू तं काय सांगू?" म्हटलं, ज्यांना जिथं जाता येत नाही तिथं त्यांना पोचवायचं काम करते. आई – "म्हंजे ट्रॅव्हल्स?"

जारवाला पाण्याचा जार खालीच ठेवून गेला. कार्यालयाच्या बावीस पायऱ्या मीच चढवला. सर म्हणाले, "व्यायाम आहे."

५ नोव्हेंबर

सागखेळला गेले. देऊळघाट ओलांडून पाच-सहा किलोमीटर, त्यातला शेवटचा एक फक्त खड्ड्यांचा. तिथल्या ग्रामपंचायत सदस्या शालूबाई. वय सेहेचाळीस, लहानपणी पोलिओ, चाकाची खुर्ची. ब्लाऊज शिवतात. अख्ख्या गावात शिलाई मशीन एकच, ती त्यांची, आणि मतंही तिनंच आणली असं लोक म्हणतात. गावातल्याच अर्जुनरावांच्या बायकोला अकरा मतांनी पाडलं. याला तीन वर्षं झाली.

आणि तीन वर्षांत बाई ग्रामपंचायतीच्या आत एकदाही गेलेल्या नाहीत! दाराला चार पायऱ्या. दर महिन्याला सहदेव शिपाई सभेचं रजिस्टर काखेत मारून त्यांच्या घरी नेतो, त्या सही करतात, झाल्या हजर. सहदेवला याचा केवढा अभिमान! "बाईले काई तरास नाई मॅडम. म्या सोता जातो. बिस्किटाचा पुडाई नेतो."

बाईंनी रॅम्पसाठी चार अर्ज केले. चारही वेळा ठराव – ‘रजिस्टर घरपोच जात असल्याने रॅम्पची आवश्यकता नाही.’ आणि त्या ठरावांवर खाली कोणाची सही? शालूबाईंची!

म्हटलं, वाचलं नव्हतं का?

"वाचलं ना. पन सही नाई केली तं बिचाऱ्या सहदेवले दोन चकरा होतेत."

हसू आवरेना. परत येताना गाडीवर मात्र हसू गेलं आणि नुसता राग उरला. रोज इतकी गोड अडवणूक कोणी केली तर माणूस भांडणार तरी कोणाशी?

१२ नोव्हेंबर

माझी बातमी छापून आली!! मी मथळा दिला होता – ‘लोकप्रतिनिधीच दाराबाहेर’. छापला काय – ‘सदस्या तीन वर्षांत एकदाही ग्रामपंचायतीकडे फिरकल्या नाहीत’. मजकूर माझाच, शब्द न् शब्द. मथळ्यानं सगळं उलटं करून टाकलं. सर खूश. "नाव आलं ना संस्थेचं? झालं तर."

शालूबाईंना फोन करून माफी मागितली. त्या शांत. "बातमी चांगली हाय. दोन अंक आनखी पाठवून द्या." भोळी बाई. कौतुक वाटलं असणार छापून आल्याचं.

१८ नोव्हेंबर

घात झाला. पंचायत समितीतून बोलावणं. शालूबाईंविरुद्ध तक्रार – ‘सदर सदस्या तीन वर्षे सभांना प्रत्यक्ष गैरहजर असून त्यांचे सदस्यत्व रद्द करावे.’ सोबत पुरावा म्हणून कात्रण. माझं! खाली सही नाही, नुसतं ‘एक जागरूक नागरिक’. विस्तार अधिकारी साहेबांनी मूळ कागद दाखवला. अक्षर वळणदार, कलम बरोबर, दोन पानं मोरपंखी दोऱ्यानं एकमेकांना शिवलेली. पिनासुद्धा मिळत नाहीत लोकांना, आणि निघाले सदस्यत्व रद्द करायला.

साहेब म्हणाले, परवानगीशिवाय सलग सहा महिने गैरहजर राहिलं तर पद जातं. तीस डिसेंबरच्या मासिक सभेला ते स्वतः सागखेळला येणार. बाई तेव्हा सभागृहात दिसल्या पाहिजेत, आणि आधी का दिसल्या नाहीत हे ग्रामपंचायतीनं सांगितलं पाहिजे.

बाईचं पद माझ्या एका बातमीनं जाणार. तिन्ही शिक्के उचलून नाल्यात फेकावेसे वाटले.

१९ नोव्हेंबर

सरपंच माणिकरावांची अवस्था बघण्यासारखी. कपाळाला रुमाल. "बाई गैरहजर व्हती म्हनलं, तं तीन वर्षं हजेरी कशी लागली सांगा! हजर व्हती म्हनलं, तं पेपरात काय छापून आलं सांगा! दोन्हीकून मीच मेलो ना!" मग त्यांनीच विचारलं, रॅम्पला किती दिवस लागतात. चार अर्जांनी जे झालं नाही, ते आज अकरा मिनिटांत मंजूर. घड्याळ लावून मोजलं मी. ठराव सहदेवनं धावत नेऊन शालूबाईंची सही आणली.

गावाचा संशय अर्थात अर्जुनरावांवर. ते चौकात उभे राहून शपथा घेत होते. "म्या नाई केली तक्रार! मले काय करायचं तिच्या खुर्चीचं?" कोणी ऐकेना. चहावाल्यानं चहाही दिला नाही म्हणे. तेव्हा चिडून म्हणाले, "रॅम्पले मुरूम लागते ना? माह्या ट्रॅक्टरनं टाकतो! मंग तं इस्वास बसंन?" बसला नाही. लोक म्हणाले, पाप धुऊन राह्यला.

२१ नोव्हेंबर

शालूबाईंकडे जाऊन रडले. त्यांनी मशीन थांबवली, पाणी दिलं. "तुमी काऊन रडता? पद माह्यं जाईन." मग दोरा दातानं तोडला आणि पुढच्या ब्लाऊजला हात घातला. काय काळीज आहे बाईचं!

२४ नोव्हेंबर

सरांनी कामाचा रंगीत तक्ता मागितला. हिरवा वेळेवर, पिवळा उशीर, लाल संकट. केला, भिंतीवर लावला. दुपारी सागखेळला गेले आणि संध्याकाळी येऊन सगळा लाल केला.

कचरू मिस्त्रीनं आठ फुटांचा रॅम्प उभा केला होता. उभाच! ओटा तीस इंच उंच. एक इंच चढाला बारा इंच लांबी हवी, म्हणजे तीस फूट. नकाशा मी स्वतः काढून दिला होता. कचरूभाऊ म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावरून माहा बैल चढते."

म्हटलं, शालूबाई चढतील का?

"त्याहिले ढकलायले चार जन येतीन."

सहदेवला पाठवून शालूबाईंची खुर्ची मागवली आणि कचरूभाऊंना म्हटलं, तुम्ही बसा, मी ढकलते. बसले. सहदेव आणि मी मिळून अर्ध्यापर्यंत नेलं, मग सहदेवला शिंक आली. कचरूभाऊ उलटे थेट मुरमाच्या ढिगात. लागलं नाही. उठून कपडे झटकले, रॅम्पकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तीस फूटच पायजे."

इतकं सोपं प्रशिक्षण आजवर दिलं नव्हतं.

३ डिसेंबर

जागतिक दिव्यांग दिन. आमच्याच संस्थेचा कार्यक्रम, आणि मंडपवाल्यानं स्टेजला पाच पायऱ्या केल्या! सकाळी बघितलं तेव्हा उशीर झाला होता. सर म्हणाले, "पाहुणे खाली उतरून सत्कार करतील." पण पाहुण्यांचे गुडघे दुखतात. त्यांना वर चढवायलाच दोन माणसं लागली होती, ते काय उतरतात? सत्कारमूर्ती वर जाऊ शकत नव्हते, पाहुणे खाली येऊ शकत नव्हते. शेवटी शाल वरून सरांच्या हाती, सरांकडून माझ्या हाती, माझ्याकडून खाली. असे चौदा सत्कार. फोटोत प्रत्येक वेळी मीच शाल पांघरायला निघाल्यासारखी दिसते.

आणि भाषण? ‘अडथळे मनात असतात.’ नाही हो. पाच होते, पुढ्यातच होते, वर लाल कार्पेट होतं!

संध्याकाळी जनसंपर्क राखीनं बातमी लिहिली – ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’. खरं लिहायचं धाडस माझ्यात नाही, आणि लिहिलं तर मथळा कोण देईल कोण जाणे.

१५ डिसेंबर

रॅम्प तीस फूट झाला. कचरूभाऊ दिवसातून तीनदा पाणी मारतात. गुळगुळीत नको, खरखरीत हवा म्हटलं, तर खराट्यानं अशी सुंदर नक्षी काढली की मी बघतच राहिले.

१९ डिसेंबर

रॅम्पवर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या. सहदेव म्हणतो, "ऊन चांगलं लागते ना मॅडम." तक्त्यात मिरच्यांसाठी रंग नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस राहिले. शेवटची पाहणी करायला गेले. उतार उत्तम. कठडा उत्तम. दाराशी पोचले आणि ठेच लागून पडले!

उंबरा!! चांगला तीन इंच उंच, सागवानी, कोरलेला. कचरूभाऊंनी स्वतःच्या घरचं लाकूड आणून, कोणी न सांगता, भेट म्हणून बसवला. जुनी चौकट सिमेंटची होती, उंबऱ्याविना. नव्या रॅम्पच्या निमित्तानं दार ‘पुरं’ केलं. वर हळदीकुंकू वाहिलेलं, झेंडूचं फूल. भाऊ दारात हात बांधून उभे, मी काय म्हणते याची वाट बघत, चेहऱ्यावर एवढा आनंद.

हळूच म्हटलं, भाऊ, खुर्ची कशी जाणार?

त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे तं ध्यानातच नाई आलं."

काढू या म्हटलं, तर जमलेल्या बाया अंगावर आल्या. पुजलेला उंबरा काढायचा? गावाचं दार उघडं पाडायचं? सरपंचही म्हणाले, "आता कोनी हात लावनार नाई. आपशकुन होईन." शेवटी शालूबाईंकडे गेले. त्या तरी माझ्या बाजूनं बोलतील! त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या – "उंबरा नका काढू. दाराले उंबरा पायजेच."

अहो बाई, पण आत तुम्हालाच जायचंय!

"मले जायचंय म्हनून तं शोभेचं दार पायजे."

परत येताना देऊळघाटच्या फाट्यावर दोन कप चहा प्यायले आणि एकटीच बडबडले. टपरीवाला म्हणाला, "ताई, घरी समदं बरं हाय ना?"

२८ डिसेंबर

कचरूभाऊंनी तोडगा काढला. उंबऱ्याच्या आत-बाहेर उतरत्या लाकडी फळ्या. खुर्ची फळीवरून चढेल, उंबऱ्यावरून जाईल, पलीकडे उतरेल. मी आनंदानं टाळी वाजवली. पण नवाच वाद – उंबऱ्यावर पाय देत नसतात. मग चाक दिलेलं चालतं का? चाक म्हणजे पाय का?

तास दीड तास यावर चर्चा! सरपंच म्हणाले, ज्याचं चाक हेच चालणं, त्याचं चाक म्हणजे पायच. सहदेव म्हणाला, मग बाईंच्या चाकांना पायपुसणं ठेवायचं का? अर्जुनरावही आले होते, संशयितानं गप्प बसावं असं त्यांना सांगण्यात आलं. मी सुगम्यतेची सगळी मार्गदर्शक तत्त्वं वाचली आहेत. त्यात हे कुठंच नाही.

शेवटी शालूबाईंची आई, बनाबाई, काठी टेकत आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या. म्हणाल्या, "सोयाबीनचं पोतं घसटत नेता ना रे उंबऱ्यावरून? तवा कोनाले पाप लागत नाई. माह्या पोरीचंच चाक जड झालं काय तुमाले?"

सरपंचांनी टोपी काढून पुन्हा घातली. कचरूभाऊ फळ्या आणायला गेले.

३० डिसेंबर, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

साहेब साडेदहाला आले. मिरच्या हलवल्या होत्या. सगळा गाव अंगणात. शालूबाई नवं लुगडं नेसून आल्या, केसांत अबोली. मी खुर्ची ढकलायला पुढं झाले तर म्हणाल्या, "हात नका लावू." स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत तीस फूट चढल्या. मध्ये एकदा थांबल्या, दम घेतला. कोणीही, अगदी सहदेवनंसुद्धा, पुढं पाऊल टाकलं नाही. एवढं शहाणपण गावाला कुठून आलं कोण जाणे.

दाराशी पोचल्या तर उंबऱ्यावर काहीतरी ठेवलेलं. माप! तांदळानं भरलेलं पितळी माप. बनाबाईंनी पदराखालून आणून ठेवलं होतं, कोणाला न विचारता.

"आये, हे काय?"

म्हातारी म्हणाली, "तुह्या लग्नासाठी घेऊन ठुलं व्हतं. कोनाचं घर आलं नाई. हे आलं. लोट."

शालूबाई कधी नव्हे त्या गडबडल्या. मान खाली घातली. मग फळीवर चाक चढवलं, मापाला लागलं, तांदूळ खळकन आत सांडले, आणि बाई उंबऱ्यावरून आत!

मला रडू आलं. सरपंच रुमालात शिंकरले. कचरूभाऊ उंबऱ्याजवळ उकिडवे बसून तांदूळ वेचायला लागले, म्हणजे चेहरा दिसू नये. साहेब बूट काढू की नको या विचारात दाराबाहेरच राहिले.

सभा सुरू झाली. साहेबांनी विचारलं, "तीन वर्षं आपण गैरहजर होता, हे खरं का?"

शालूबाई म्हणाल्या, "मी हजर व्हते साहेब. ह्याच गावात, चारशे पावलांवर. ग्रामपंचायत गैरहजर व्हती. निस्तं रजिस्टर येत जाय."

साहेबांनी पेन खाली ठेवला. मग सरपंचांकडे पाहून म्हणाले, यावर आपलं काय म्हणणं? माणिकरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "बाई खरं बोलून राह्यली," म्हणाले. माझ्या मनातून त्यांचे निम्मे अपराध माफ!

मग बाईंनी रजिस्टर मागितलं. सहदेव सवयीनं ते घेऊन त्यांच्या घराच्या दिशेनं निघाला होता. दारातून परत बोलवावा लागला.

२ जानेवारी २०२६

साहेबांचा फोन. अहवाल गेला – ‘सदर सदस्येस प्रवेशाची सोय नव्हती, गैरहजेरीस ग्रामपंचायत जबाबदार.’ वरिष्ठांनी तक्रार निकाली काढली. पद शाबूत! तक्ता सगळा हिरवा केला, हिरवा पेन संपेपर्यंत.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तू एका बाईले तिच्याच हापिसात नेलं?" हो. "आन याले दोन महिने लागले?" हो. "मंग हे सरकारीच काम हाय बाई," असं म्हणून आई निश्चिंत झाली.

आता लाजेची गोष्टही लिहून टाकते. मनात आलं, हे मी केलं. मी आखलं, मी बातमी केली, मी पाठपुरावा केला. व्यवस्थापक राखीनं जनसंपर्क राखीचं अभिनंदनही करून टाकलं, जावक क्रमांकासह.

७ जानेवारी

टपालानं तक्रार आली. आमच्या संस्थेविरुद्ध. ‘आपले कार्यालय पहिल्या मजल्यावर असून बावीस पायऱ्या आहेत. अर्जदार दिव्यांग व्यक्तीने आभार मानण्यास यावे तरी कसे? तीस दिवसांत खुलासा करावा. – एक जागरूक नागरिक.’ अक्षर वळणदार. दोन पानं. मशीनची टीप, मोरपंखी दोरा.

जिन्यात बसून खूप वेळ हसले. मग अर्जुनरावांना फोन करून माफी मागितली, तक्रारीला आवक क्रमांक टाकला, आणि तिन्ही शिक्के एका पाकिटात घालून शालूबाईंच्या पत्त्यावर सागखेळला पाठवून दिले.

टेबल उद्या खाली येतंय.